माती तपासणी लॅबला जाताय? पाणंदीचं आधी ऐका

कॉलेजात मिळालेल्या पत्रावर एवढंच होतं : 'प्रयोगशाळा भेट, दोन तास.' त्या भरवशावर आम्ही सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची 22 जणं कॅनव्हासचे बूट घालून सकाळी दहाला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या माती तपासणी लॅबवर हजर. परत कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते, आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ पंचगंगेकाठच्या एका शेतात राहिला होता. पुढच्या बॅचला तरी कोणी असं अंधारात ठेवू नये, म्हणून लिहितेय.

लॅबमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या तिथले साहेब म्हणाले, "बावड्याकडं माती तपासायला बोअर चालू आहे, आधी तिकडं जाऊया. पाऊस आला तर काम थांबतंय." टेम्पोत बसवून नेलं. डांबरी रस्ता संपला तिथं टेम्पो थांबला. पुढं पाणंद, म्हणजे शेतातली कच्ची वाट, जेमतेम अर्धा किलोमीटर.

पन्हाळा ते पावनखिंड मी भर पावसात चालले आहे. पण या अर्ध्या किलोमीटरएवढी दमछाक तिथंही झाली नव्हती. आदल्या रात्री पाऊस झालेला, दोन्ही बाजूंना ऊस, मधे उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या आणि त्यात पाणी. काळी माती बुटाला नुसती लागत नाही, थरावर थर चढत जाते. दहा पावलांत एकेक पाय विटेएवढा जड होतो. काठीनं खरवडायचं, चार पावलं टाकायची, परत खरवडायचं. कोणीतरी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, त्या वीस पावलांत फाटल्या. दोघी घसरून पडल्या. अर्धा किलोमीटर जायला आम्हाला पाऊण तास लागला.

तर ऐका. गमबूट न्या. नसतील तर बाजूच्या शेतकऱ्याला विचारून बांधावरून चाला, आणि पाचट पसरलं असेल तिथूनच पाय टाका. चाकोरीच्या मधला उंचवटा कोरडा दिसतो, त्याला फसू नका. माझ्या बुटाचा तळ तिथंच गेला. ज्यांच्याकडं गमबूटही नाहीत आणि काठीही नाही, त्यांनी टेम्पोतच बसलेलं बरं.

बोअरजवळ पोचल्यावर मात्र सगळा शीण गेला. तिपाईवरून 63.5 किलोचा हातोडा 750 मिलिमीटरवरून सोडतात आणि सॅम्पलर, म्हणजे मातीचा नमुना घेणारी नळी, 450 मिलिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजतात. पहिल्या 150 मिलिमीटरचे ठोके धरत नाहीत, कारण तळाची माती ड्रिलिंगमुळे हललेली असते. पुढच्या दोन टप्प्यांत काळ्या मातीत आम्ही 3 आणि 4 मोजले, म्हणजे एन 7 (दोन्हींची बेरीज; एन जितका मोठा, तितकी माती घट्ट). खाली मुरूम लागला आणि त्याच हातोड्याचे 50 ठोके पडले तरी सॅम्पलर पुरा आत जाईना. पुस्तकातला 'रिफ्युजल', म्हणजे सॅम्पलर पुढं जायला नकार देतो तो टप्पा, हा शब्द मला त्या आवाजातून कळला. ठोका मऊ पडायचा, तो एकदम टणक वाजायला लागला.

दुपारनंतर लॅब. सीबीआरचं (रस्त्याखालची माती किती भार पेलते ते मोजायचं) मशीन, चाळण्या, लिक्विड लिमिट काढायची कासाग्रांडेची वाटी हे सगळं कॉलेजात असतंच, त्यात वेळ घालवू नका. प्रॉक्टर, म्हणजे किती पाण्याला माती ठोकून सगळ्यात घट्ट बसते ती चाचणी, मात्र स्वतःच्या हातानं करा. 2.6 किलोचा रॅमर, 310 मिलिमीटरचा पल्ला, तीन थर, थराला 25 ठोके, म्हणजे एका मोल्डला 75. पाण्याचं प्रमाण बदलत पाच मोल्ड केले की 375 होतात. चौथ्या मोल्डला माझे हात थरथरत होते आणि ठोके तिरके पडायला लागले. तिथल्या मामांनी लगेच हात धरला : "पोरी, असा ठोका पडला की घनता खोटी येत्या. थांब, दम खा."

दोन तासांच्या भेटीत काही हाती लागत नाही, असं मी स्पष्ट सांगते. ओलावा काढायचा तर नमुना ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर रात्रभर ठेवावा लागतो. चिकण माती लिक्विड लिमिटसाठी (किती पाण्याला ती वाहायला लागते ते काढायला) पाण्यात कालवून 24 तास मुरवावी लागते. सीबीआरचा भिजवलेला नमुना तर चार दिवस पाण्यात असतो. म्हणून जाताना आपल्या गावची माती वाळवून, 425 मायक्रॉनच्या चाळणीतून काढून न्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

रिक्षाचं सांगते. सांगली फाट्यापासून आत लॅबपर्यंत सकाळी 120 रुपये घेतले, संध्याकाळी पाऊस बघून त्याच अंतराचे 300. अंगावरचा चिखल बघून 'सीट खराब होतंय' म्हणून वरती 50. देऊ नका. फाट्यापर्यंत चालत या, पावसातसुद्धा. पाणंदीनंतर तो रस्ता काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीच परत गेलो. बावड्याच्या त्याच मातीचे दहा-दहा ग्रॅम दोन सिलिंडरमध्ये टाकून ठेवले होते, एकात रॉकेल, एकात पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तिथं 11 मिलिलिटरची रेघ. पाण्यात 19. फरक 8, त्याला 11 नं भागलं की माती किती फुगते ते कळतं, जवळजवळ 73 टक्के. 50 च्या वर गेलेली माती रस्त्याच्या भरावाला चालत नाही. पाण्यातल्या मातीचा वरचा थर मऊ, लोण्यासारखा दिसत होता. आदल्या दिवशी पाय धरून ठेवणारी ती हीच, हे तिथं डोळ्यांनी दिसलं. मी सिलिंडर उजेडाकडं धरून किती वेळ बघत होते, मैत्रिणींनी शेवटी ओढून नेलं.

त्या दिवशी साधी चप्पल चालते. अकराच्या आत पोचा, नंतर मामा सिलिंडर धुऊन ठेवतात.