'लेडी'ची बाजू

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. फेला कुटी या नायजेरियन गायकाच्या तबकड्या ऐकायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी निघताना, दारात चपला घालता घालता, विचारतेच, की बायकांविषयी असे गाणारा आणि एकाच दिवशी 27 जणींशी लग्न लावणारा हा माणूस तुम्हाला अजून ऐकवतो कसा. दर वेळी मी थातुरमातुर काही बोलून वेळ मारून नेली आहे आणि त्याचा आता मलाच उबग आला आहे.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. मी त्याचा ड्रमवादक टोनी ॲलन याच्या ड्रम्सविषयी बोलू लागे: पायाचा ठोका जिथे पडेल असे वाटते तिथे तो पडत नाही, हाय-हॅट, म्हणजे पायाने चालवायची झांजांची जोडी, मध्येच क्षणभर उघडते आणि मिटते, आणि तरी ताल तसूभर हलत नाही. शब्द सोडून द्या, असे मी सांगत असे. ख्याल ऐकताना बंदिशीच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष असते, हा दाखलाही जोडीला देत असे. तो दाखला साफ चुकीचा होता. फेला लंडनला संगीत शिकून आलेला होता आणि तरी त्याने गायला पिजिन, म्हणजे तिथली बाजारी मिश्र इंग्रजी, निवडली, ती नायजेरियातल्या लागोस शहराच्या बाजारातल्या माणसाला, मग तो योरुबा बोलणारा असो की इग्बो, शब्द न् शब्द कळावा म्हणून. ज्याने आपल्या शब्दांपायी तुरुंग आणि मार सोसला, त्याचे शब्द सोडून द्या म्हणणे ही त्याची बाजू घेणे नव्हेच.

हे मला माझ्या मुलीमुळे कळले. ती तेव्हा कॉलेजात होती, सुट्टीला घरी आली होती, आणि एका दुपारी आपण होऊन म्हणाली, "बाबा, लावा ना तुमचं ते." मला इतका आनंद झाला की मी 1972 सालची 'शकारा' काढली. तिच्या दोन बाजूंना दोनच गाणी आहेत, प्रत्येक 13 मिनिटांहून लांब. वेष्टनावर उघड्या अंगाच्या बायका आफ्रिकेच्या नकाशाच्या आकारात बसवलेल्या आहेत. मी ते वेष्टन पालथे ठेवले आणि 'लेडी'ची बाजू लावली. वेष्टन पालथे ठेवावेसे वाटले, तेव्हाच मला सगळे ठाऊक होते, हे आज कबूल करतो. वाद्ये चालली होती तोवर ती बोटांनी सतरंजीवर ठेका धरून बसली होती. फेलाचा आवाज आला तशी तिने फोनवर शब्द शोधले आणि ती वाचू लागली. स्वतःला लेडी म्हणवणारी बाई सगळ्यांच्या आधी मांसाचा तुकडा उचलते, सगळ्यांच्या आधी टेबलाशी बसते, ही त्या गाण्याची तक्रार आहे. खरी आफ्रिकन बाई पुरुषाला धनी मानते, त्याच्यासाठी रांधते, हा त्याचा आदर्श. ठेका थांबला. फोनवरून नजर न उचलता तिने विचारले, "आजीसुद्धा सगळ्यांचं झाल्यावरच जेवायची ना?"

माझी आई आमच्या सगळ्यांची पाने उठल्यावर, उरलेल्या आमटीत पाणी घालून ती वाढवून, ओट्याशी बसून जेवत असे. मुलीने ते पाहिले होते आणि मीही पाहिले होते, तिच्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे. मी म्हणालो, "तू तालाकडे लक्ष दे." ती काही न बोलता उठून आत गेली, आणि मी बाजू संपेपर्यंत बसून राहिलो. सुई उचलायला हवी होती, की उचलली असती तर ते नुसतेच नाटक झाले असते, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

मग मी तबकड्या टाकून का दिल्या नाहीत? कारण फेला त्याच आईचा मुलगा आहे, जिने नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात बायकांवरच्या कराविरुद्ध हजारो बायका रस्त्यावर आणल्या आणि 1949 साली तिथल्या राजाला गादी सोडायला लावली. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी. 1977 च्या फेब्रुवारीत सैनिकांनी फेलाचे घर जाळले तेव्हा त्यांना खिडकीतून खाली फेकले आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्याच्यामागे गाणाऱ्या, नाचणाऱ्या ज्या बायकांवर त्या दिवशी अत्याचार झाले, त्यांच्यापैकी कितीतरी जणी त्या 27 मध्ये होत्या. ते लग्न म्हणजे त्यांच्या पाठीशी उभे राहणे होते, असेही मी एके काळी हिरिरीने सांगत असे. त्यात तथ्य असेलही. पण त्याच घरात त्याचा शब्द अखेरचा होता, हे मी त्या वाक्याला कधी जोडत नसे. आईची शवपेटी त्याने 1979 साली लष्करी सत्तेच्या दारात नेऊन ठेवली, आणि 1981 च्या तबकडीत तो ते सगळे इतक्या संथपणे, एकेक पाऊल टाकल्यासारखे गातो, की मला ती सलग दोनदा ऐकवत नाही. अशा आईच्या मुलाने 'लेडी' रचावी याचा उलगडा मला होत नाही. ते गाणे सुरू झाले की आजही माझा पाय ठेका धरतो, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याची मला लाज वाटते की नाही, हे दिवसागणिक बदलते.

मुलीने तो विषय पुन्हा काढलेला नाही. वेष्टन मात्र मी आता पालथे ठेवत नाही.