पाटलीची पावती

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर तुम्ही एकटेच नाही. हा प्रश्न मला भाच्याच्या साखरपुड्यात विचारलाय, एसटीत विचारलाय, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात विचारलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, मी खुर्चीत आ वासून पडले असताना. शब्द इकडचे तिकडे, पण म्हणणं एकच: "बाई, तुम्ही फौजी घरातल्या. मग सरकारनं लढाईचं काही ठरवलं की तुम्ही लगेच शंका कशा काढता? हे देशाविरुद्ध नाही का?"

"नाही" असं एका शब्दात सांगून पाहिलं. कुणाचं समाधान होत नाही. तेव्हा जरा लांबून येते.

आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात जमिनीचे उतारे, आजोबांचं रेशन कार्ड आणि एक पिवळी पडलेली पावती. १९६२ च्या नोव्हेंबरातली, राष्ट्रीय संरक्षण निधीची. सोन्याची पाटली, एक नग. खाली शिक्का आणि कुणाची तरी घाईघाईतली सही. ही पाटली माझ्या आजीची. जोडीतली एकच दिली होती, कारण तिचा हिशोब साफ होता: "एक देशाला, एक सुनंला."

तेव्हा मी सात वर्षांची. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एखादा पोरगा पलटणीत. माझे चुलते, अण्णा, सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेशवहन विभागात होते आणि नेफात होते, म्हणजे आजच्या अरुणाचलात. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला आणि नंतर दोन महिने त्यांचं पत्र नाही. त्या दोन महिन्यांत गावातल्या बायका शाळेच्या व्हरांड्यात बसून जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आजीनं जन्मात विणकामाच्या सुया हातात धरल्या नव्हत्या. गुरुजींच्या बायकोकडून ती शिकली. तिच्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली, ती उसवून पुन्हा विणली. हे सगळं मला आठवतं कारण लोकरीचा गुंडा धरून बसायचं काम माझ्याकडे होतं.

अण्णा आले ते डाव्या पायाची दोन बोटं हॉस्पिटलात ठेवून. नामका चू नावाचा ओढा, दहा हजार फुटांच्या वर. पलीकडे उंचावर थागला कड्यावर चिनी, अलीकडे खाली आपले लोक. "आमच्या चुलीवर किती कप चहा उकळतोय हे त्यांना वरून मोजता येत होतं," असं अण्णा सांगायचे. अंगावर उन्हाळी कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, हातात जुनाट थ्री-नॉट-थ्री रायफल. हल्ला झाला आणि टेलिफोनच्या तारा तुटल्या. तार जमिनीखाली पुरायला ना वेळ होता ना माणसं. तिथून मागं फिरलेल्यांतले बरेच भूतानमधून चालत बाहेर पडले. अण्णा त्यांतलेच.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. बोटं नसलेला पाय मांडीवर घेऊन तेल लावता लावता म्हणाली, "म्हंजे सरकारकडं सुटरं न्हवतीच व्हय? मंग पोरान्ला वर धाडलं कुनी?"

मला वाटतं, युद्धाविषयी सरकारला विचारायचा यापेक्षा नेमका प्रश्न मी पुढं पुस्तकांत कुठं वाचला नाही. आणि तो विचारणारी बाई महिन्याभरापूर्वी पाटली देऊन आलेली होती.

"कुनी धाडलं" याचं उत्तर मला खूप नंतर, इतिहास शिकवायला लागल्यावर, वाचून कळत गेलं. त्या भागाची जबाबदारी असलेले लेफ्टनंट जनरल उमराव सिंग सांगत होते की एवढी माणसं तिथं ठेवायला रसद पुरणार नाही. त्यांच्याकडून तो भागच काढून घेतला. नवी कोअर, म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग, उभी केली, आणि ती दिली जनरल कौल यांच्याकडे, ज्यांना लढाईत तुकड्या हाताळण्याचा अनुभव फारसा नव्हता. कौल उंचीवर आजारी पडून ऐन वेळी दिल्लीला परतले. त्याआधी १२ ऑक्टोबरला पंतप्रधान नेहरू सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, निघताना पत्रकारांना सांगून गेले होते की आपला प्रदेश मोकळा करायला सैन्याला सांगितलंय. खाली ओढ्याकाठी कॅनव्हासचे बूट, आणि वर हे असं.

हे होण्याआधी कुणीच बोललं नव्हतं का? बोलले होते. लष्करप्रमुख थिमय्यांनी १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना म्हणून राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घालून तो मागं घ्यायला लावला. १९६१ च्या एप्रिलमध्ये विरोधी बाकावरचे आचार्य कृपलानी लोकसभेत उभे राहून म्हणाले की मेनन यांनी सैन्यात गटबाजी माजवली आणि त्याचं मनोधैर्य घालवलं. मग ते थेट उत्तर मुंबईत मेनन यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. फेब्रुवारी १९६२. मुंबईकरांनी त्यांना लाखाहून जास्त मतांनी पाडलं. त्या दिवशी कृपलानींना कुणी देशद्रोही म्हणालं असेल तर नवल नाही. नऊ महिन्यांत मेनन यांनाच जावं लागलं.

कसं गेले, तो भाग मला जास्त मोलाचा वाटतो. लढाई चालू होती. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत होते, चाळिशीही न गाठलेले. नेहरूंना भेटून त्यांनी संसदेचं अधिवेशन लगेच बोलवा अशी मागणी केली. नेहरूंनी "आत्ता नको, सैन्याचं मनोबल खचेल" असं म्हटलं नाही. ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरलं. ते गुप्त घ्यावं अशी सूचना आली होती, तीही त्यांनी मानली नाही. लोकसभेत १६५ खासदार बोलले. त्यातले काही तर इतके तिखट की आजच्या एखाद्या वाहिनीनं त्यांना तासाभरात सीमेपलीकडे पाठवलं असतं. मेनन यांचा राजीनामा आदल्याच दिवशी जाहीर झाला होता, आणि त्यासाठी जोर लावणाऱ्यांत विरोधकांइतकेच काँग्रेसचे स्वतःचे खासदार होते.

मग संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीहून बोलावणं आलं आमच्या कराडच्या यशवंतराव चव्हाणांना. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. गावात साखर वाटली. आजीनंही तोंडात टाकली आणि म्हणाली, "बरं झालं. आता आपल्याच मानसाला इचारता यील."

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. टीका करणारे शहाणेच असतात असं नाही. १९५९ पासून संसदेत आणि बाहेर "चिन्यांना हाकला, इंचभरही मागं हटू नका" असा जो गजर चालला होता, त्यानंच नेहरूंना नसत्या ठिकाणी चौक्या टाकायला रेटलं, हेही तितकंच खरं. तेही सरकारवर टीकाच करत होते. म्हणून मी कुणाची टीका ऐकून टाळ्या पिटत नाही. फक्त ती करू द्यावी म्हणते, कारण संसदेत मोठ्यानं केलेली चूक निदान कुणाला तरी खोडून काढता येते. वरच्यांच्या बंद खोलीत झालेली चूक खोडायला कुणी नव्हतं.

आणि ज्या गोष्टीवर तेव्हा कुणी बोललं नाही तिचीही आठवण ठेवावी लागते. आणीबाणी पुकारली, भारत संरक्षण कायदा आला, आणि आसाम-बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, बायकापोरांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही तिथं वर्षानुवर्षं होते. त्यांचा गुन्हा डोळ्यांच्या ठेवणीचा. देशभक्तीनं भारलेल्या त्या दिवसांत त्यांच्यासाठी संसदेत कितीशा लोकांनी तोंड उघडलं असेल? स्वेटर विणणाऱ्या आमच्या व्हरांड्यात तर ही बातमी पोचलीच नाही.

तुमच्यातले काही लगेच टिळकांवर जातात. "टिळक परक्या सरकारविरुद्ध बोलले, आपलं सरकार आपलं आहे." बरोबर. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षं मंडालेला धाडलं ते तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम १२४-अ खाली. आपण मराठीत त्याला राजद्रोह म्हणतो. राजाशी द्रोह. देशद्रोह हा शब्द वेगळा, आणि आपल्या भाषेनं हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. राजा गेल्यावर मात्र आपण ते सोयीनं एकाच डब्यात भरले. २० जानेवारी १९६२ ला, म्हणजे त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयानं केदारनाथ सिंग खटल्यात सांगून ठेवलंय की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली, तरी हिंसेला चिथावणी दिल्याशिवाय तो राजद्रोह ठरत नाही. आपलं सरकार आपलं आहे म्हणून तर जाब विचारायचा. परक्याला काय विचारणार, तो कुठं आपल्या मतावर आलेला असतो?

आता माझी गोष्ट. इतरांना शिकवते तशी मी कायम वागले असं समजू नका.

१९९९ चा जून. शाळा नुकतीच सुरू झालेली, कारगिल पेटलेलं. वर्गात रोज सकाळी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांत उभं राहायचो. नववीतला एक मुलगा, मागच्या बाकावरचा, फार हुशार वगैरे नाही, हात वर करून म्हणाला, "बाई, एवढी माणसं डोंगरावर चढून बंकर बांधून बसली, तोवर आपल्याला कळलंच कसं नाही?" मी त्याला काय म्हणाले असेन? "ही वेळ आहे का हे विचारायची? खाली बस." वर्ग हसला. तो बसला आणि वर्षभर त्यानं इतिहासाच्या तासाला तोंड उघडलं नाही.

२६ जुलैला युद्ध संपलं, आणि २९ जुलैला सरकारनं संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिला दिलेलं काम साधारण त्या पोराच्या प्रश्नाएवढंच होतं: हे घडलं कसं, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं. समितीपुढं आलं की घुसखोर आधी दिसले ते मेंढपाळांना. समितीत बी. जी. व्हर्गीस यांच्यासारखा पत्रकारही होता. पुढच्या फेब्रुवारीत अहवाल संसदेत मांडला, काही मजकूर गाळून का होईना. हेरखात्यांत, सीमेवरच्या टेहळणीत जे बदल झाले त्यांची सुरुवात तिथून. कारगिलमध्ये ५२७ जवानांचा जीव गेला होता. मी वर्गात खाली बसवलेला प्रश्न सरकारनंच विचारला होता, आणि मला मात्र त्यात देशाचा अपमान दिसला होता. (गंमत बघा, त्या उन्हाळ्यात लोकसभा विसर्जित होती, म्हणून विरोधकांनी राज्यसभेचं अधिवेशन मागितलं. ते भरलं नाही. पंतप्रधान वाजपेयीच होते. खुर्ची बदलली की ऐकू येणंही बदलतं.)

त्या मुलाची मी पुढं माफी मागितली. तो आता पुण्यात गाड्यांचे सुटे भाग विकतो. म्हणाला, "बाई, मला आठवतसुद्धा नाही." आठवत होतं. चहा पिताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मर्यादा आहेच, ती नाकारत नाही. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडो कुठून उतरतायत ते थेट दाखवलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं पुढं कसाबच्या निकालात चांगलंच सुनावलं. तो निव्वळ पोरखेळ होता, आणि त्याला टीकेचं नाव देऊ नये. तुकडी आत्ता कुठं आहे हे मी विचारणार नाही. तिला तिथं कशासाठी पाठवलं, काय देऊन पाठवलं आणि परत कधी आणणार, हे विचारणार. श्रीलंकेत १९८७ ते ९० मध्ये आपल्या शांतिसेनेतले हजारावर जवान मारले गेले. आमच्या पंचक्रोशीत त्याविषयी कुणी हे तीन प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारले नाहीत. त्यानं त्या जवानांचा मान वाढला का, तुम्हीच सांगा.

राहिलं १९६२ चं. चीनच्या लढाईत १,३८३ मेले, जवळपास १,७०० बेपत्ता, चार हजारांच्या आसपास कैदेत. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. चव्हाणांनी त्या सप्टेंबरमध्ये संसदेत त्याचं सार सांगितलं: प्रशिक्षण कमी, साहित्य कमी, वरच्या हुकुमांत गोंधळ. अहवाल मात्र कुलपात गेला तो गेलाच. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं बाहेर काढला. आपल्या सरकारांनी, कुठल्याही पक्षाच्या, तो आपणहून दिला नाही.

२०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं की अहवालातला मजकूर फार संवेदनशील आहे आणि लष्करी कारवाईच्या दृष्टीनं आजही महत्त्वाचा आहे, म्हणून तो उघड करता येणार नाही. ही बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते तेव्हा बहात्तर वर्षांचे, ओट्यावर उन्हाला पाय सोडून बसलेले, डाव्या पायात मोजा. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"आजही महत्त्वाचा?" म्हणाले. "मग अजून तेच बूट देतात की काय?"