रेडकांचा दाखला आणि बारा तासांचे गणित

गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पादरा गावाच्या बाजूला आमची थोडी शेतजमीन आहे. तेथे मी दुधाच्या म्हशींची नर रेडके लहानपणी विकत घेतो, दीड-दोन वर्षे वाढवतो आणि मांसासाठी जिवंत विकतो. या धंद्यात रेडकू जगवणेच काय ते कठीण, असे मला सगळ्यांनी सांगितले होते. ते मला फारसे जड गेले नाही. जड गेले ते वाढलेली, धडधाकट सहा रेडके नियमाप्रमाणे गाडीत चढवणे, आणि त्यातही गुरांच्या एका सरकारी दवाखान्यातून प्रवासाचा आरोग्य दाखला मिळवणे. त्याची चीड अजून गेलेली नाही.

गायीच्या वासरांचा येथे प्रश्नच येत नाही, हे आधी स्पष्ट करतो. गुजरातमध्ये गोवंशाच्या हत्येला पूर्ण बंदी असून 2017 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मग गोऱ्हा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) असो, जर्सी असो वा गीर. देशातून गाय-म्हैस वर्गातल्या मांसाची निर्यात होते तीही म्हशीवर्गाचीच. त्यामुळे आमच्यासारख्यांना सुरती आणि मेहसाणी म्हशींच्या नरांवरच धंदा उभा करावा लागतो. ते मिळायला अडचण पडत नाही, कारण मंडळीत, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, फॅटवर दूध भरणाऱ्या माणसाला नर रेडकू म्हणजे दुधातला फुकटचा वाटेकरी वाटतो, आणि म्हशीने पान्हा सोडण्यापुरतेच ते सडाला लावले जाते. म्हणूनच घेताना पहिला प्रश्न असा विचारावा की, चीक पोटभर पाजला होता का. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेलेले रेडकू आणि न गेलेले रेडकू यांत पुढे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक), मग तुरीचा भुसा, सरकीची पेंड, मक्याचा भरडा, क्षारमिश्रण आणि उन्हाळ्यात अंगावर पाणी. हे सांभाळले की जनावर वाढते.

आता दाखल्याविषयी. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे गुरे-म्हशी नेताना ती प्रवासास योग्य आहेत व त्यांना संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. त्याच्या छापील नमुन्यात डॉक्टरांना असे लिहून द्यावे लागते की, आपण ही जनावरे निघण्यापूर्वी बारा तासांच्या आत तपासली आहेत. सगळी गोम या बारा तासांत आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात म्हशीचे जनावर दिवसा न्यायचे नसते. त्याच्या कातडीत घामग्रंथी कमी असल्याने त्याला उष्णता चटकन बाधते. म्हणजे गाडी रात्री साडेनऊ-दहानंतर सुटणार. दवाखान्यात दाखल्याचे काम मात्र सकाळी, तेही नऊच्या सुमारास. तेव्हा तपासणी करून घेतली, तर गाडी वेळेवर सुटली तरी बारा तास उलटलेले असतात आणि दाखल्याचा नुसता कागद होतो.

मी हे गणित मांडायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या कारकुनाने मान वर न करता ‘साहेब मीटिंगमां छे’ एवढेच सांगितले. पुढच्या वेळी साहेब लसीकरणाला गेले होते, त्यापुढच्या वेळी शिबिराला. मधल्या काळात माझ्याकडून नवनव्या गोष्टी मागण्यात आल्या. प्रथम, जनावरे दवाखान्यात आणा. अडीचशे किलोचे, कधी कुंपणाबाहेर न गेलेले सहा हेले मुख्य रस्त्याने चालवत आणायचे, म्हणजे दाखल्याच्या आधी पंचनामाच व्हायचा. ते टळले, तेव्हा ‘शेतीकामासाठी नेत आहे, कत्तलीसाठी नाही’ असे प्रतिज्ञापत्र द्या, असे सांगण्यात आले. ही मागणी कोठून आली हे मला ठाऊक होते. मे 2017 मध्ये केंद्राने गुरांच्या बाजारांसंबंधी जे नियम काढले, त्यांत म्हशींनाही गोवून बाजारातून कत्तलीसाठी विक्री करण्यास मनाई केली होती. पण त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाची स्थगिती देशभर लागू ठेवली. शिवाय माझी विक्री गोठ्यावरची, बाजारातली नव्हेच. प्रवासाच्या दाखल्यात जनावराची तब्येत लिहायची असते, मालकाचा हेतू नव्हे. मी खोटे प्रतिज्ञापत्र देण्यास स्पष्ट नकार दिला, आणि त्याचा मला अजूनही अभिमान वाटतो, कारण रस्त्यात गाडी अडवली गेली असती तर सर्वांत आधी तोच कागद माझ्या गळ्याशी आला असता.

नंतर एके दिवशी कारकुनाने मोठ्या उदारपणे सही-शिक्क्याचा तयार दाखला पुढे सरकवला. जनावरे कोणी पाहिली नव्हती. तारीख होती, संख्या सहा होती, ‘पाडा (गुजरातीत रेडा), काळा’ असे वर्णन होते, आणि वेळेचा रकाना कोरा होता. ‘गाडी निघेल तेव्हा तुम्हीच भरून टाका’, असा सल्ला मिळाला. मी तो कागद तेथेच ठेवून आलो. खरेदीदार रोज फोन करून भाव पाडत होता, रेडके रोजचा खुराक खात होती, आणि वाढलेल्या वजनाचा पैसा मिळणार नव्हता, कारण सौदा नगावर ठरला होता. (सौदा किलोवर करा. हे वर सांगायला हवे होते.)

सुटका झाली ती लेखी अर्जाने. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, किती जनावरे तपासावयाची आहेत आणि गाडी किती वाजता सुटणार आहे, एवढेच लिहून मी अर्ज आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतला. तोंडी विनंती किती केल्या त्याला मोल नाही. शिक्का पडला की अर्ज टाळणे अवघड जाते. ठरल्या दिवशी संध्याकाळी तेथल्याच तरुण डॉक्टरबाई शिबिर आटोपून गोठ्यावर आल्या. त्यांनी एकेक हेला चालवून पाहिला, ताप मोजला, टॉर्चच्या उजेडात कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे वाचून उतरवून घेतले, आणि तपासणीची वेळ आकड्यात लिहून पुढे अक्षरांतही लिहिली. ‘काका, आता घाई करू नका, वेळ पुष्कळ आहे’, असे त्या जाताना म्हणाल्या, तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. हे काम तास-दीड तासाचेच होते, हे पाहून पुन्हा संतापही आला.

बिल्ल्यावरून आठवले. तो क्रमांक सरकारी नोंदीत मूळ मालकाच्या नावावर असतो. खरेदी करतानाच त्याच्या मोबाइलसह त्याला दवाखान्यात नेऊन नाव बदलून घ्यावे. दीड वर्षाने तो भेटेलच असे नाही.

गाडीचेही गणित आहे. एका मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत आणि प्रत्येकास दोन चौरस मीटर जागा द्यावी लागते. सहांना 12 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 129 चौरस फूट होतात. सतरा फूट लांब आणि सात फूट रुंद हौद 119 फूटच भरतो, तेथे पाचच जनावरे घालता येतात. मी वीस फुटी गाडी केली. फळीवर काथ्याची चटई अंथरावी, सोबत एक माणूस द्यावा, आणि पाठवणारा व घेणारा यांची नावे, पत्ते, फोन, जनावरांची संख्या व चाऱ्याचे प्रमाण ठळक लाल अक्षरांत लिहिलेली पाटी लावावी. ही पाटी कोणी लावत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

वासदच्या टोलनाक्याअलीकडे काही तरुणांनी गाडी अडवलीच. पोलीसही आले. हवालदाराने गोवंश नाही ना याची खात्री करायला बॅटरीने आधी जनावरांची शिंगे पाहिली, मग दाखल्यावरची वेळ पाहिली, मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि गाडी सोडली. मूळ दाखला ड्रायव्हरजवळ न ठेवता सोबतच्या माणसाजवळ ठेवावा आणि दाखवताना झेरॉक्स पुढे करावी.

जंताचे सांगायचे राहिले. म्हशीच्या रेडकांना आईच्या दुधातूनच मोठे गोल जंत होतात आणि पहिल्या महिन्यातली बरीचशी मर त्यांच्यामुळेच असते. दहाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास पिपराझिनचा डोस डॉक्टरांना विचारून द्यावा. विकत घेतलेल्या रेडकाला तो मिळाला आहे, असे मालकाने सांगितले तरी पुन्हा विचारावे, आणि मातीच्या रंगाची, घाण वासाची हगवण दिसली तर त्याच दिवशी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा.