सत्तेचाळिसाव्या वर्षी अ-इ-उ-ए-ओ

मार्च २०२२ मध्ये आमच्या कंपनीनं चाकणची मशीनिंग लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि नोटीस बोर्डावर व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, पत्रक लागलं. तिकडे चला, नाहीतर हे घ्या, असा एकूण मामला. माझं वय ४७, सगळी नोकरी क्वालिटीत गेलेली, मुलगी अकरावीत, बायको शाळेत शिक्षिका. मी पत्रकावर सही केली. मग जपानी भाषेच्या अ-इ-उ-ए-ओपासून सुरुवात करून दोन वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलो, त्याची ही गोष्ट.

नवी नोकरी शोधायच्या आधी जुनीचे कागद निस्तरावे लागतात, आणि तिथेच माझे तीन महिने गेले. पीएफच्या पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट', म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरलेली नसेल तर पैसे अडकतात. ती कंपनीनं भरायची असते. आमच्याकडे कुणीच भरली नाही. मी चकरा मारत राहिलो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख आपली आपल्याला भरता येते, हे मला शेजारच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी सांगितलं, आणि पाच मिनिटांत काम झालं. पेन्शनच्या हिश्श्यावर माझाही डोळा होता, पण दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर तो रोख काढता येत नाही. ५८व्या वर्षी पेन्शन सुरू होतं. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण जितकी वर्षं आधी घ्याल, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र स्वतः करा. माझ्या वेळी तो असा होता: शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझी २१ वर्षं ८ महिने भरली होती. सहा महिन्यांच्या वर गेलं की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे २२. मला आलेल्या कागदावर २१ होती. दुरुस्त करून मिळालं, पण कॅल्क्युलेटर हातात घेतला नसता तर गेलेच होते. आणि कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, हे मला शेवटच्या दिवशीच कळलं. घरची पॉलिसी नोकरीत असतानाच घेऊन ठेवायला हवी होती. आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पीरियड असतो, तेवढा काळ त्यांचा खर्च मिळत नाही, आणि मला तर बीपी आहे.

त्या काळात चाळीसेक ठिकाणी अर्ज केले. फोन आले तीन. एक कन्सल्टंट म्हणाला, नोकरी नक्की आहे, रजिस्ट्रेशनचे आठ हजार भरा. फोन ठेवला. खरा कन्सल्टंट पैसे कंपनीकडून घेतो, उमेदवाराकडून नाही, एवढं व्यवहारज्ञान माझ्याकडे होतं.

मग जपानी कुठून आलं? काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका जपानी ग्राहकाचं ऑडिट होतं. सोबत इंटरप्रिटर मुलगी, भाषा एकदम पक्की. लाइनवर जपानी साहेबांनी एक कास्टिंग (ओतीव भाग) उचललं, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बारी." मुलगी अडखळली. तिनं 'कडेला काहीतरी खराब आहे' असं भाषांतर केलं. मी पलीकडे उभा. मला जपानी येत नव्हतं, पण साहेबांना काय दिसलंय ते कळलं होतं: बर. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे, धातूचा पापुद्रा सुटला होता. ती भाषा जाणत होती, मी वस्तू. व्हीआरएसनंतर रिकाम्या दुपारी हा प्रसंग फार आठवायचा.

चौकशीला आधी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. वेळा जमेनात, म्हणून सदाशिव पेठेतला एक खासगी क्लास धरला, जून २०२२. वर्गात सगळी कॉलेजची पोरं. सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, सत्तावीस वर्षांची; पहिल्या दिवशी मला "काका" म्हणाली, मग जीभ चावून आडनावापुढे 'सान' (आपल्या 'राव'सारखं) लावलं. हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं ४६, माझं वय ४७. स्वयंपाकघरात फ्रीजवर तक्ता चिकटवला. बायको म्हणाली, "अहो बालवाडी, शिट्टी कधी होते ते तरी बघा," कारण मी तक्त्यापुढे उभा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे.

मराठी माणसाला जपानीचं व्याकरण जड जात नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती. क्रियापद शेवटी. 'ला', 'त', 'हून' नामाच्या मागे, तसंच तिकडे. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणे'. 'कात्ते ओकु' म्हणजे 'विकत घेऊन ठेवणे'. वर्गातली पोरं हे नियम इंग्रजीतून पाठ करत होती. मी मनात मराठी लावत होतो आणि वाक्य आपोआप बसत होतं. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, मात्र छळतात. पोरं एकदा बघून लक्षात ठेवत, मला त्याच अक्षराला चार वेळा नव्यानं भेटावं लागायचं.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. एन-५ सगळ्यात सोपी पायरी, एन-१ सगळ्यात अवघड. डिसेंबर २०२२ ला एन-५, जुलै २०२३ ला एन-४, डिसेंबर २०२३ ला एन-३. एन-३ ला १८० पैकी ९५ हवेत, शिवाय तिन्ही विभागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९. माझे ऐकण्यात २४ आले, बाकीच्यांनी तारून नेलं. एक गोष्ट क्लासच्या जाहिरातीत दिसत नाही: या परीक्षेत बोलावं लागत नाही, लिहावंही लागत नाही. सगळं पर्याय निवडायचं. सर्टिफिकेट हातात घेऊन मी पहिल्या जपानी माणसासमोर बसलो तेव्हा 'हाजिमेमाश्ते'च्या पुढे तोंडातून शब्द फुटेना. मग सेन्सेईकडे तीन महिने फक्त बोलायची शिकवणी लावली.

या दीड-दोन वर्षांत घर बायकोच्या पगारावर आणि व्हीआरएसच्या व्याजावर चाललं, शिवाय भोसरीतल्या दोन छोट्या व्हेंडरांकडे आठवड्यातून दोन दिवस जायचो. इन्स्पेक्शन रिपोर्ट, ग्राहकाच्या तक्रारीचं उत्तर, गेजचं कॅलिब्रेशन रजिस्टर. पैसे किरकोळ. पण त्यामुळे 'मधल्या काळात काय करत होता?' या प्रश्नाला उत्तर होतं.

रेझ्युमेही बदलावा लागला. जुना पाच पानी होता, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटी 'वरील माहिती सत्य आहे'. दोन पानं केली. पहिली दहा वर्षं तीन ओळींत, नंतरची नीट उघडून, आणि सगळ्यात वर एकच ओळ: डायकास्टिंग क्वालिटीत २२ वर्षं, जपानी एन-३. ही ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी मी भाषांतराच्या जागांना अर्ज करत होतो, आणि तिथे सगळ्यांना एन-२ हवं होतं, तेही पंचविशीतलं. ओळ बदलली, क्वालिटीच्या जागांना अर्ज करू लागलो, आणि फोनचा सूर बदलला.

वयाचा प्रश्न येतोच. एका एचआरच्या मुलीनं अगदी अदबीनं विचारलं, "सर, तुमचे रिपोर्टिंग मॅनेजर चौतीसचे आहेत, चालेल ना?" मी म्हणालो, "माझी जपानी शिक्षिका सत्तावीसची आहे, ती माझे कान उपटते." ती हसली. तिथे नोकरी लागली नाही, पण त्या प्रश्नाची धास्ती तेव्हापासून गेली.

मे २०२४. रांजणगावची एक कंपनी, समोर तीन जण, त्यातले एक जपानी. माझी ओळख सांगून झाली, पाठ केलेली, थोडी अडखळत. जपानी गृहस्थांनी काहीच न बोलता टेबलाखालून एक ॲल्युमिनियमचं हाउसिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. मी चष्मा वर केला, नख काठावरून फिरवलं. पार्टिंग लाइनवर एका जागी नख अडलं.

"बारी देसु ने," मी म्हणालो. बर आहे ना.

"गेन्इन वा?" कारण?

बर सगळीकडे असता तर मी आधी मशीनच्या क्लॅम्पिंगकडे (साचा दाबून धरण्याकडे) बोट दाखवलं असतं. एकाच कोपऱ्यात होता. "कानागाता नो मामो," डाय (साचा) झिजलीय. मग क्रियापद चुकलं, कर्ता चुकला, मी टेबलावरचा कागद ओढून डायचं चित्र काढलं आणि झिजलेल्या कोपऱ्याला गोल केला. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि त्या गोलाशेजारी अजून एक बाण काढला. पुढची वीस मिनिटं आम्ही कागदावरच बोललो.

पगार आधीच्या पाऊणपट. मी तीन दिवस मागून घेतले, घरी हिशेब मांडला, मुलीच्या फीचा तक्ता काढला, आणि एकाच गोष्टीसाठी ताणलं: येण्याजाण्याची बस. चिंचवडहून रांजणगाव रोज स्वतःच्या गाडीनं परवडलं नसतं. ते त्यांनी मान्य केलं. मूळ पगारावर जास्त ओढाताण केली असती तर कदाचित आणखी दोन हजार मिळाले असते, पण तेवढी हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर.

जुलै २०२४ मध्ये एन-२ दिली. ८१ गुण, ९० लागतात. डिसेंबरचा फॉर्म भरलाय.

परवा लाइनवर जपानहून आलेले इंजिनिअर नवं फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी चौकट) बघत होते. खाली वाकले, दातांतून हवा ओढली आणि म्हणाले, "सोरे वा चोत्तो..." आणि गप्प.

ऑपरेटरनं मला विचारलं, "काय म्हणाले, सर?"

"'ते थोडंसं', असं म्हणाले."

"थोडंसंच ना? मग चालतंय की."

"नाही चालत," मी म्हणालो. "काढ, परत बसवू."