पाच वाजताची माणसं

या रविवारी चर्चमध्ये बायबलचं पहिलं वाचन माझ्याकडे होतं, यशयाच्या पुस्तकाचा अध्याय ५५. घरी चारदा मोठ्याने वाचून पाहिलं होतं, तरी मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, आवाज कापलाच. पुढे शुभवर्तमानात काय येणार ते ठाऊक होतं ना! मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय २०, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांत.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात, त्यामुळे हा दृष्टांत मत्तयाचं शुभवर्तमान वाचायच्या वर्षीच भेटतो, सप्टेंबरच्या सुमाराला. मळ्याचा मालक पहाटे माणसं आणतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकच दिनार, म्हणजे त्या काळचा दिवसाचा रोज. तोही शेवटी आलेल्यांपासून वाटायला सुरुवात. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मुकादमाच्या हाताखाली एक दिवस जरी काम केलेलं असलं, तरी ती कुरकुर पटते.

मिस्सानंतर मी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. त्यांना समजावं म्हणून मी मोहम्मद शमीचं उदाहरण दिलं. गेल्या वेळी हे वाचन आलं तेव्हा २०२३चा विश्वचषक सुरू व्हायचा होता. शमी पहिले चार सामने बाहेर बसून होता. पुण्यात हार्दिक पंड्या जखमी झाला, संघ बदलला आणि धरमशालेत न्यूझीलंडविरुद्ध शमीने पाच बळी घेतले. शेवटी सात सामन्यांत २४, स्पर्धेत सर्वांत जास्त. म्हटलं, बघा, उशिरा बोलावलेल्याला कमी लेखू नका.

मागच्या बाकावरचा एक सातवीतला मुलगा म्हणाला, "ताई, पण शमीने विकेटा काढल्या. पाच वाजता आलेल्यांनी काय केलं?"

बरोबर होतं त्याचं. शमीने त्याचं कमावलं. दृष्टांतातल्या त्या माणसांनी तासभर काम केलं असेल, तेही ऊन उतरल्यावर. माझं उदाहरण तिथेच मोडलं, आणि मग मी त्यांना आमच्या दादांचं, माझ्या वडिलांचं, सांगितलं.

दादा १९७०च्या दशकात श्रीरामपूरहून मुंबईला गेले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. कायम कामगार गैरहजर असला तरच बदलीवाल्याला आत घ्यायचे. भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं. नाव पुकारलं तर दिवसाचा पगार, नाही तर दुपारच्या पाळीला पुन्हा येऊन उभं राहायचं. १९८२च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. मुंबईचं फारसं बोलत नसत. पण हा दृष्टांत वाचला जायचा तेव्हा एका वाक्याला मान वर करायचे. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. घरी येताना दादा म्हणायचे, "उभं राहणं पण कामच असतं गं. पाय तेवढेच दुखतात."

दादा गेल्यावर आईने मला आणखी एक गोष्ट सांगितली. काम न मिळालेल्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत खोलीवर जात नसत. खोलीत गावचीच दहा-बारा माणसं, आज पुन्हा काम नाही हे त्यांना कळू नये म्हणून. समुद्रावर बसायचे, रस्ते तुडवायचे, आणि पाळी सुटायच्या वेळेला इतरांबरोबर परत यायचे. पाच वाजेपर्यंत दृष्टांतातली ती माणसं बाजारात का थांबली असतील, हे मला तेव्हा कळलं. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं?

वर्ग गप्प होता. तोच मुलगा पुन्हा म्हणाला, "मग त्या दिवशी ते जेवायचे का?"

खानावळीत महिन्याचं खातं असायचं, मी म्हटलं. बाई विचारायची नाही, ताट वाढायची.