यंदा सापडलेली गाणी

दिवाळीच्या सुमारास मी वर्षभरात सापडलेल्या गाण्यांतून तासाभराचा एक संच तयार करतो आणि जवळच्या माणसांना पाठवतो. यंदा निघालेली गाणी असा अर्थ नाही; मला यंदा भेटलेली. त्यात पन्नास वर्षांपूर्वीचं काही असू शकतं, किंवा गेल्या महिन्यातलं. गझलेशेजारी रॅप असतं. ऐकणारेही एका आवडीचे नाहीत. मिरजेला गाणं शिकवणारी आत्या, मस्कतला नोकरीला असलेली मामेबहीण, पुण्यातला धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र. या सगळ्यांना एकच संच आवडला पाहिजे हा माझा हट्ट आहे, आणि खरं काम तिथेच असतं.

गाणी जमवणं अवघड नाही. कुठे ऐकलेलं आवडलं की फोनमधल्या एका यादीत टाकून ठेवतो, आणि गणपतीनंतर यादी उघडून छाटायला बसतो. मर्यादा एकच, साठ मिनिटं. ही कॅसेटच्या दिवसांची सवय. फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेली ती छोटी कॅसेट आमच्या पिढीला सी-६० म्हणून ठाऊक होती, दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटं. कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानदाराला दिली की तो कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. जागा संपली की शेवटची नावं गळायची, त्यामुळे यादीत वर काय लिहायचं याचा घरात खल व्हायचा. आज अ‍ॅपवर हजारो गाणी एका यादीत मावतात आणि नेमकं म्हणूनच अशा याद्या कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही. तासाचा संच माणूस स्वयंपाक करताना किंवा सांगलीहून कोल्हापूरला जाताना पुरा ऐकतो.

यंदा छाटणीत सगळ्यात जड गेलं ते आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराची १९७८ ची 'श्पीगेल इम श्पीगेल' ही रचना काढणं. पियानो आणि व्हायोलिन, एवढंच. मला ती अतिशय प्रिय झाली आहे. पण तिला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि मी प्रत्येक संच एकदा एसटीत, एकदा रस्त्यावर चालताना ऐकून पाहतो. एसटीत पियानो ऐकूच येईना. ती भावाला स्वतंत्र पाठवली, रात्री ऐक असं सांगून.

मग क्रम. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तो सत्कारणी लागतो असं मला ठामपणे वाटतं. दोन गाण्यांचे प्रकार किती वेगळे आहेत याला कान फारसा महत्त्व देत नाही. एकाचा षड्ज संपून दुसऱ्याचा सुरू होताना काय होतं, तिकडे त्याचं लक्ष असतं. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीतून काळी तीनमध्ये गेलो तर आधीच्या सा वरून त्याच्याच मध्यमावर आल्यासारखं होतं, ते सुखाचं. अर्ध्या स्वरानं सरकलो तर दचकायला होतं. जुनी ध्वनिमुद्रणं तर टेपचा वेग कमी-जास्त झाल्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी असतात. तिथे मध्ये चार सेकंद शांतता ठेवणं बरं.

यासाठी मी मिरजेला आत्याकडे गेलो. इथिओपियातल्या अदिस अबाबाच्या जुन्या संगीतातलं एक गाणं तिला ऐकवलं. १९७४ च्या क्रांतीनंतर लष्करी राजवटीच्या संचारबंदीनं तिथली रात्रीची गाणी-बजावणी जवळजवळ बंद पडली. आधीच्या काळातल्या कित्येक तबकड्या पुढे 'एथिओपीक' या फ्रेंच मालिकेतून जगाला ऐकायला मिळाल्या. तिथे तिझिता नावाची स्वरांची एक ठेवण आहे, तिच्या एका प्रकारात सा रे ग प ध एवढेच शुद्ध स्वर लागतात.

"अरे, हे भूपाचे स्वर," आत्या म्हणाली. थोडं ऐकून म्हणाली, "पण भूप नाही हा."

"का गं?"

"देशकाराचे स्वर तरी वेगळे कुठे आहेत? कुठे थांबतात, कुठून उचलतात, त्यावर राग ठरतो. हा माणूस आपल्या जागा घेतच नाही. त्याच्या त्याच्या घेतो, आणि छान घेतो." मग हार्मोनियमवर पट्टी शोधत म्हणाली, "याच्यामागून पाच स्वरांचंच काहीतरी ठेव. कान बसलाय तिथे, लगेच उठवू नकोस."

म्हणून पुढे तिनारिवेन आले. सहारातल्या तुआरेग लोकांचा हा गट, गिटारचा खालचा खर्ज तंबोऱ्यासारखा धरून ठेवणारा, वर टाळ्यांचा ठेका, आणि चाली बहुधा पाचच स्वरांत फिरणाऱ्या. त्यांच्या इब्राहिम अग अल्हबीबनं पहिली गिटार तेलाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांपासून बनवली होती. १९६३ च्या मालीतल्या बंडात वडील मारले गेलेल्या या माणसाच्या गटाला पुढे २०१२ मध्ये ग्रॅमी मिळालं. मला अधिक जवळचं वाटतं ते हे, की सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांची गाणी वाळवंटभर कॅसेटवरून पसरली. एकानं दुसऱ्याला उतरवून द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

आणि इथे संचाला त्याचं सूत्र सापडलं. ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. तिनारिवेन गातात ती सुटलेल्या मुलखाबद्दल. केप व्हर्देची गायिका सेझारिया एव्होरा हिचं १९९२ च्या अल्बममधलं 'सोदादे' माझ्या यादीत होतंच, ते साओ तोमे बेटाच्या लांबच्या वाटेबद्दल आहे. पोर्तुगीज अमदानीत केप व्हर्दे बेटांवरचे दुष्काळानं गांजलेले लोक तिथल्या कोकोच्या मळ्यांवर कराराने नेले जात. त्याच्या पुढे मी अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना' ही छक्कड, म्हणजे शाहिरी लावणी, ठेवली. वाटेगाव आमच्या जिल्ह्यातलं, नाव लहानपणापासून कानावर, पण छक्कड सुरुवातीपासून अखेरपर्यंत लक्ष देऊन ऐकली ती यंदाच. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि बघता बघता ती बेळगाव, कारवार, निपाणीची आठवण होते. एक अटलांटिकमधलं बेट, एक वाळवा तालुका. षड्ज जुळत नव्हते, तरी मी हा जोड बदलला नाही.

छक्कडीनंतर मुंबईच्याच 'स्वदेसी' गटाचं 'वारली रिव्हॉल्ट', आरेच्या जंगलातल्या वारली माणसांचं. रॅप म्हटलं की आत्या कानाला हात लावेल असं भावाला वाटत होतं. पण शाहिरीच्या मागोमाग आल्यामुळे तिला तो पवाड्याचाच पुढचा आवाज वाटला. शेवटाला लॉर्नाचं एक कोकणी गाणं, ख्रिस पेरींच्या चालीवरचं, ट्रम्पेटसकट, कारण इतकं जड ऐकल्यावर पाय हलले पाहिजेत.

आवाजाची पातळी हा कंटाळवाणा भाग, पण टाळू नये. स्ट्रीमिंगची अ‍ॅपं साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) सगळं आणतात. मी सलग ऐकण्यासाठी विकत घेतलेल्या फाइली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या, तेव्हा छक्कड त्याच पातळीला आणल्यावर तिच्यातली खरखर पुढे आली. ती थोडी खालीच ठेवली. आकडा जुळण्यापेक्षा गाणाऱ्याचा आवाज समोर बसल्यासारखा वाटला की झालं.

पाठवली ती प्लेलिस्ट, फाइली नव्हे. कलाकारांचे चार पैसे बुडू नयेत. प्रत्येक गाण्याला दोन-तीन ओळींची चिठ्ठी. त्यात कलाकाराचा जन्म, पुरस्कार असलं लिहीत नाही, ते कोणालाही शोधता येतं. कुठे लक्ष द्यायचं ते लिहितो: 'दुसऱ्या कडव्यात टाळ्या थांबतात, तिथे गिटार ऐक.' माझा अनुभव असा की या एका ओळीमुळे अनोळखी भाषेतलं गाणंही माणूस मध्येच सोडत नाही.

मामेबहिणीनं तिकडून उत्तरादाखल सालिम राशिद सूरी पाठवले. ओमानमधल्या सूर बंदराचे हे ऊदवादक गायक, 'गाणारा खलाशी' म्हणून ओळखले जात, आणि त्यांनी मुंबईतही ध्वनिमुद्रणं केली. "दादा, पुढच्या वर्षी पहिलं हे लाव," तिनं लिहिलंय. पट्टी अजून सापडलेली नाही. येत्या रविवारी आत्याकडे जाणार आहे.