झडतीआधी एक प्रश्न

"तुम्ही सुईने नशा करणाऱ्यांना नव्या सुया देता, मग पोलीस तुम्हाला काही म्हणत नाहीत? की आतून त्यांना खबर देता?" हे दोन्ही प्रश्न मला एका दमात विचारले जातात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

खबर आम्ही देत नाही. एक नाव जरी ठाण्यात गेलं, तर दुसऱ्या दिवसापासून केंद्राकडे कुणी फिरकणार नाही. हे अधिकाऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकावं लागतं.

पोलिसांशी आमचं सहकार्य असतं ते झडतीत सापडलेल्या सुईचं काय करायचं, एवढ्यापुरतं. सुई हाच गुन्ह्याचा पुरावा धरला, की माणूस वापरलेली सुई परत आणत नाही, झुडपात फेकतो. नवी जवळ बाळगायलाही घाबरतो आणि ऐन वेळी दुसऱ्याची घेतो. स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच झालं. पोलीस सुया जप्त करत, दुकानांतून त्या मिळेनाशा झाल्या. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये सुया बदलून देणारं केंद्र सुरू झालं. तिथल्या मर्सीसाइड पोलिसांनी मात्र केंद्रावर पाळत न ठेवण्याचं मान्य केलं, उलट पकडलेल्यांना तिकडे पाठवू लागले.

पोलिसांचा स्वतःचा जीवही यात गुंतलेला असतो. एकदा एक तरुण शिपाई डाव्या हाताचं बोट घट्ट धरून आमच्या दारात आला. झडती घेताना जाकिटाच्या खिशात टोपण नसलेली सुई होती. बोटावर रक्ताचा एवढासा ठिपका, पण चेहरा पांढराफटक. आम्ही बोट साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतलं, दाबू दिलं नाही आणि लगेच रुग्णालयात पाठवलं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. सुईवर लागण झालेल्याचं रक्त असेल, तर अशा टोचण्यातून एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास, काविळीच्या बी विषाणूचा त्याहून बराच जास्त. पण त्या क्षणी आकडे कुणाला धीर देतात?

खिशात हात घालण्याआधी "टोकदार काही आहे का?" असं विचारायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आता पोलिसांशी बोलायला गेले की मी इथूनच सुरुवात करते. पण खरं उत्तर हवं असेल, तर "हो" म्हणणाऱ्यावर त्याच सुईसाठी गुन्हा लागता कामा नये. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१३ साली हे कायद्यातच घातलं.

बदल्या होतात, नवे अधिकारी येतात आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून समजावतो. मध्यंतरी एक पोलीस गाडी सकाळपासून आमच्या दारासमोर उभी होती. मी जाऊन विनंती केली, तेव्हा त्यांनी ती समजूतदारपणे हलवली. पण त्या दिवशी संध्याकाळी वापरलेल्या सुयांचा डबा उचलला, तर तो रिकामाच होता.